क्षयाचा जंतु आणि बालकाचें शरीर



कांहीं रोगांचीं नांवें मोठ्यानें उच्चारण्याची आपल्याकडे पूर्वीं रीत नव्हती. क्षयाला तर कित्येक घरीं नांवच नसे. "त्यांना तें झालें आहे," एवढें दबल्या आवाजांत म्हटलें कीं ऐकणारा काय तें समजे, आणि त्या घराशीं सोयरीक करण्याचा विचार तेथेंच थांबे. वैद्यांच्या ग्रंथांत मात्र या रोगाला राजपद दिलेलें आहे. राजयक्ष्मा हें त्याचें जुनें नांव. चरकसंहितेंत त्याचीं चार कारणें सांगितलीं आहेत : शक्तीबाहेरचें साहस, शरीराचे वेग अडवून धरणें, धातूंचा क्षय, आणि विषम आहार. यांतील शेवटच्या दोन कारणांना आजचा डॉक्टरही सर्वस्वी खोटें म्हणणार नाहीं. त्याची भाषा निराळी असेल, इतकेंच.

आज मी ज्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहें, तो मोठ्या माणसांचा नसून बालकांचा आहे. असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. ओसरीवर आजोबा खोकत पडलेले आहेत. त्यांच्या अंगाखांद्यांवर चार नातवंडें वाढत आहेत. सर्वांत धाकटें आठ महिन्यांचें. तें एके दिवशीं तापानें फणफणतें, मान ताठ करतें, आणि कांहीं आठवड्यांत घराला सोडून जातें. तीन वर्षांच्या दुसऱ्याच्या मानेला गांठी येतात. लोक तिला गंडमाळा म्हणतात. आठ वर्षांची मुलगी खडखडीत राहते. आणि पंधरा वर्षांच्या थोरल्याला पुढल्या वर्षीं रक्ताची गुळणी येते. हवा एक, अन्न एक, खोकला एक. मग नशिबें चार कां?

हें घर मीं कल्पनेनें उभें केलें असलें, तरी औषधें निघण्यापूर्वींच्या काळांत अशीं घरें आपल्या प्रत्येक शहरांत होतीं. लोकांचें उत्तर ठरलेलें असे : "त्यांच्या घराण्यांतच आहे." युरोपांतही बहुतेक विद्वान हेंच म्हणत. १८६५ सालीं व्हिलमँ नांवाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें क्षयी प्रेतांतील द्रव्य सशांना टोंचून सशांना क्षय करून दाखविला. म्हणजे रोग एकापासून दुसऱ्यास जातो हें सिद्ध केलें. त्याचें फारसें कोणीं ऐकलें नाहीं. अखेर २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यानें तो जंतुच सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला, तेव्हां वाद मिटला. परंतु जंतु सांपडणें वेगळें आणि रोगी वांचणें वेगळें. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेंतून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानेंच गेल्या, तेव्हां कॉखच्या शोधाला पांच वर्षें होत आलीं होतीं. आपल्या नागपुराजवळच्या सावनेरला राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं गेले, तेव्हां त्याच शोधाला छत्तीस वर्षें उलटून गेलीं होतीं, आणि औषध अजून निघालेलें नव्हतें. आनंदीबाईंना बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. गडकरी तेहतीस वर्षांचे होते.

जंतूचा शोध लागला तरी आमच्या चार नातवंडांचें कोडें सुटलें नव्हतें. उलट अधिकच अवघड झालें होतें. जंतु चौघांच्याही छातींत गेला असेल, तर चौघांनाही रोग व्हावयास हवा होता. याचें उत्तर जंतूंत नसून शरीरांत आहे, हें कळण्याचा मार्ग मोठा विचित्र निघाला. तो एका फसलेल्या औषधांतून निघाला.

१८९० सालीं कॉखनें जाहीर केलें कीं आपल्याला क्षयावर उपाय सांपडला आहे. क्षयाच्या जंतूंचा अर्क काढून त्यानें तो रोग्यांना टोंचण्यास दिला. त्याला ट्युबरक्युलिन म्हणत. जगभरचे रोगी बर्लिनकडे धांवले. औषधाचा उपयोग तर झाला नाहींच, पण कित्येकांना जोराचा ताप भरला आणि कांहीं दगावले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची एवढी फजिती क्वचितच झाली असेल. परंतु त्याच सुमारास त्यानें एक गोष्ट नमूद करून ठेवली होती. क्षय झालेल्या गिनीपिगाला कांहीं आठवड्यांनंतर दुसऱ्या जागीं पुन्हा जंतु टोंचले, तर ती जागा एकदोन दिवसांतच लाल व कठीण होते, वरची कातडी गळून पडते, आणि जखम भरून येते. पहिल्यांदां टोंचलेल्या निरोगी प्राण्यांत असें होत नाहीं. म्हणजे शरीराला पहिल्या भेटीची आठवण राहते! दुसऱ्या वेळीं शत्रूला तें ओळखतें आणि धांवून जातें.

ही आठवण मुलांच्या दंडावर वाचावयाची युक्ति काढली ती व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानें. आज घरोघर ऐकूं येणारा 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ सालीं त्यानेंच बनविला. दुसऱ्याच वर्षीं त्यानें मुलांच्या कातडीवर ट्युबरक्युलिनचा थेंब ठेवून तेथें हलकासा ओरखडा काढण्यास आरंभ केला. ज्या मुलाच्या शरीरांत क्षयाचा जंतु कधीं काळीं शिरला असेल, त्याचा ओरखडा दोनतीन दिवसांत उंच व लाल होई. इतरांचा तसाच राही. १९०८ सालीं मँटू या फ्रेंच डॉक्टरानें ओरखड्याऐवजीं बारीक सुईनें कातडीच्या थरांत मोजका द्रव सोडण्याची पद्धति आणली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत आजही जी 'मँटू' करतात ती हीच. जें औषध म्हणून टाकून द्यावें लागलें, तें परीक्षा म्हणून शंभर वर्षें टिकलें.

या परीक्षेनें युरोपला जबर धक्का दिला. शहरांतील गरीब वस्तींतल्या शाळकरी मुलांपैकीं बहुतेकांचे ओरखडे उमटले, आणि तीं मुलें तर अंगणांत खेळत होतीं. म्हणजे जंतुलागण आणि क्षयरोग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अंतोन गोन यानें १९१२ सालीं बालकांच्या शवपरीक्षांवर ग्रंथ लिहिला, आणि फुप्फुसाच्या एका कोपऱ्यांतली लहानशी गांठ व तिच्या शेजारची सुजलेली रसग्रंथि अशी जोडी दाखवून दिली. पुष्कळ मुलांत ही जोडी चुन्यासारखी कठीण होऊन निपचित पडलेली असे. युद्ध झालेलें असे, पण किल्ला पडलेला नसे.

पिर्केचें आणखी एक निरीक्षण सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. १९०८ सालीं त्यानें लिहून ठेवलें कीं ज्या मुलाची परीक्षा पूर्वीं उमटत होती, त्याला गोवर निघाला म्हणजे कांहीं दिवस ती उमटेनाशी होते. गोवर शरीराची आठवण पुसून टाकतो, निदान तात्पुरती झांकून टाकतो. आपल्या जुन्या बायका म्हणत कीं गोवरानंतर मुलाला सहा महिने जपावें, नाहीं तर "छाती धरते". त्यांना लिंफपेशी ठाऊक नव्हत्या; पण घरांतलीं दहा मुलें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलीं होतीं. मी शाळामास्तर, पोथींतल्या ज्ञानावरच माझें पोट भरलें. तरी हें वाचल्यापासून त्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याला हंसण्याचा माझा हक्क गेला असें मला वाटतें.

आतां किल्ल्याच्या आंत काय घडतें तें पाहूं. खोकणाऱ्याच्या तोंडून उडालेला अतिसूक्ष्म तुषार श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदीं शेवटच्या हवेच्या पिशवींत जातो. तेथें पहाऱ्याला मोठ्या भक्षकपेशी असतात. जंतु दिसतांच त्या त्याला गिळतात. बहुतेक जंतु एवढ्यानें संपतात. क्षयाचा जंतु मात्र गिळला गेल्यावरही मरत नाहीं. त्याच्या अंगावर मेणचट कवच असतें, आणि भक्षकपेशींतील पाचक रस आपल्यापर्यंत येऊंच नयेत अशी व्यवस्था तो करतो. पहारेकऱ्याच्याच चौकींत तो बिऱ्हाड थाटतो आणि हळूहळू वाढतो. इतर जंतु वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. याला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो.

दरम्यान कांहीं पेशी जंतूचा अंश घेऊन जवळच्या रसग्रंथींत जातात आणि तेथील लिंफपेशींना खबर देतात. लाखों लिंफपेशींतून त्या विशिष्ट शत्रूला ओळखणाऱ्या मूठभर पेशी निवडल्या जातात व त्यांची संख्या वाढविली जाते. याला दोन ते आठ आठवडे लागतात. मँटूची परीक्षा लागणीनंतर तितक्या अवधीनें उमटते, त्याचें कारण हेंच. मग या पेशी फुप्फुसांत परततात आणि एक रासायनिक हुकूम सोडतात. त्याचें नांव इंटरफेरॉन-गॅमा. हा हुकूम पोंचतांच भक्षकपेशींना नवें बळ चढतें, आणि आजवर ज्याला त्या पचवूं शकत नव्हत्या त्याला मारूं लागतात. जे जंतु मरत नाहींत, त्यांच्याभोंवतीं पेशींचा वेढा पडतो. वेढा बराच काळ, कधीं कधीं जन्मभर, चालू राहतो. वेढा उठला कीं रोग.

हा हुकूम किती महत्त्वाचा आहे, याचा पुरावा कांहीं अभागी मुलांनीं दिला. १९९६ सालीं अशा मुलांचीं हकिकती प्रसिद्ध झाल्या कीं ज्यांच्या पेशींवर इंटरफेरॉन-गॅमा घेण्याचा दरवाजाच जन्मतः नव्हता. हुकूम सुटे, पण ऐकणारा बहिरा. इतरांना कांहींही न करणारे क्षयाचे सौम्य भाऊबंद, एवढेंच नव्हे तर क्षयाची लसदेखील, या मुलांच्या सर्वांगांत पसरली.

आपल्या आठ महिन्यांच्या नातवाची गोष्ट येथेंच कुठेंतरी आहे. त्याच्या शरीरांत दरवाजा होता, हुकूमही होता. पण सारें सैन्य नवखें होतें. तान्ह्या मुलाच्या भक्षकपेशी मंद असतात, आणि लिंफपेशी इंटरफेरॉन-गॅमा थोडा व उशीरां सोडतात. वेढा पडण्याच्या आंत जंतु रक्तांत शिरतात. मग ते एकतर बाजरीच्या दाण्यांएवढ्या ठिपक्यांनीं सर्व शरीर भरून टाकतात, नाहीं तर मेंदूच्या आवरणांत जाऊन बसतात. औषधें निघण्यापूर्वींच्या काळांत डॉक्टरांनीं लागण झालेल्या हजारों मुलांवर वर्षानुवर्षें लक्ष ठेवलें होतें. त्या जुन्या नोंदी अलीकडे एकत्र केल्या गेल्या, तेव्हां दिसून आलें कीं पहिल्या वर्षांत लागण झालेल्या बालकांपैकीं निम्मीं आजारी पडत, आणि शंभरांत १० ते २० जणांना मेंदूचा किंवा सर्वांगी क्षय होई. दुसऱ्या वर्षीं धोका बराच कमी होतो. दोन ते पांच वर्षांच्या वयांत शेंकडा सुमारें ५, आणि पांच ते दहांत अवघा २! दहाव्या वर्षानंतर तो पुन्हा शेंकडा १० ते २० पर्यंत चढतो, आणि आतां मोठ्या माणसांसारखा फुप्फुसाचा क्षय होऊं लागतो. आठ वर्षांची नात कां वांचली व थोरला कां सांपडला, हें या आंकड्यांत आहे. पांच ते दहा हें वय क्षयाच्या बाबतींत सर्वांत सुरक्षित कां असावें, याचें पुरें स्पष्टीकरण आजही कोणाजवळ नाहीं. प्राथमिक शाळेंत उभा जन्म घालविलेल्या माणसाला तें ऐकून मौज वाटते. त्या वयाच्या मुलांना काय काय पचतें हें मीं पाहिलेलें आहे.

शरीराला आठवण राहत असेल, तर खऱ्या शत्रूऐवजीं त्याच्या निरुपद्रवी नातलगाची भेट आधींच करून द्यावी, ही कल्पना देवीच्या लसीमुळें तयारच होती. फ्रान्सच्या लील शहरांत आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोघांनीं १९०८ पासून गाईच्या क्षयाचा जंतु बैलाच्या पित्तांत भिजविलेल्या बटाट्यावर वाढवावयास घेतला. दर तीन आठवड्यांनीं तो नव्या बटाट्यावर उतरवावयाचा. पहिलें महायुद्ध आलें, लीलवर जर्मनांचा ताबा आला, तरी बटाटे चालूच होते. तेरा वर्षें आणि २३० पिढ्या झाल्यावर जंतूचा विखार गेला. १९२१ सालीं पॅरिसमध्यें एका नवजात अर्भकाला ही लस तोंडावाटें देण्यांत आली. त्याची आई प्रसूतीनंतर क्षयानें वारली होती. मूल वाढलें. काल्मेत व गेरँ यांच्या आद्याक्षरांवरून त्या जंतूला बी.सी.जी. म्हणूं लागले.

पुढें एक भयंकर प्रकार घडला. १९३० सालीं जर्मनींतील ल्यूबेक गांवीं सुमारें अडीचशें नवजात बालकांना ही लस पाजण्यांत आली. तेथील प्रयोगशाळेंत तींत खऱ्या क्षयाचे जंतु मिसळले गेले होते. ७२ बालकें मेलीं. जबाबदार डॉक्टरांवर खटला झाला. या घटनेनें बी.सी.जी.चें नांव पुष्कळ वर्षें काळवंडलें. परंतु तिच्यांत दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती सांगतांना जीभ अडखळते. अडीचशेंपैकीं बहुसंख्य बालकें वांचलीं. खरा जंतु, तान्हें वय, औषध नाहीं, तरी वांचलीं. तान्ह्याचें सैन्य नवखें असतें हें खरें, पण सैन्यच नसतें असें नव्हे.

हिंदुस्थानांत बी.सी.जी. आली ती स्वातंत्र्याबरोबर. ऑगस्ट १९४८ मध्यें मदनपल्ली येथें आरंभ झाला, मद्रासजवळच्या गिंडींतील किंग इन्स्टिट्यूटमध्यें लस तयार होऊं लागली, आणि आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मदतीनें १९५१ पासून ती देशभर देण्याची मोहीम निघाली. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर तिच्या पाठीशीं होत्या. पद्धत अशी होती कीं प्रथम ट्युबरक्युलिन टोंचावयाचें, तीन दिवसांनीं दंड पहावयाचा, आणि ज्याचा दंड उमटला नसेल त्यालाच लस द्यावयाची. गांवांत पथक आलें कीं कांहीं मुलें शेताच्या वाटेनें पळत. कोणी म्हणे ताप येतो. कोणी म्हणे ही कुटुंब छाटण्याची सुई आहे. अशा भीतीला अडाणी म्हणून हिणविणें सोपें आहे. पण १९५५ सालीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्यासारख्या माणसानें या लसीविरुद्ध पुस्तिका लिहिली, त्यांना कोण अडाणी म्हणणार? लसीचा उपयोग निःसंशय सिद्ध झालेला नसतां ती कोट्यवधि निरोगी मुलांना कां टोंचतां, हा त्यांचा मुख्य सवाल होता. आपल्या शेजारच्या वर्धा-सेवाग्रामच्या परिसरांत तर लसीविषयीं संशय असणें अगदीं स्वाभाविक होतें. गांधीजींनीं देवीच्या लसीलाही आपल्या लिखाणांत विरोध केलेला होता.

माझें मत विचाराल तर राजाजींचा प्रश्न योग्य होता आणि त्यांचें उत्तर चुकीचें होतें. प्रश्न योग्य होता याची ग्वाही त्यांच्याच प्रांतानें दिली. मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यांत १९६८ पासून एक प्रचंड प्रयोग झाला. अडीच लाखांहून अधिक माणसें त्यांत होतीं. कांहींना खरी लस, कांहींना नुसतें पाणी, आणि कोणाला काय मिळालें तें टोंचणाऱ्यालाही ठाऊक नाहीं. १९७९-८० च्या सुमारास पहिला निकाल लागला. मोठ्या माणसांच्या थुंकींत जंतु सांपडणाऱ्या क्षयापासून बी.सी.जी.नें कांहींएक संरक्षण दिलेलें नव्हतें. १९९९ सालीं पंधरा वर्षांच्या निरीक्षणाचा अहवाल आला, तोही जवळजवळ तसाच. इंग्लंडांत हीच लस शाळकरी मुलांत उत्तम काम करीत होती. कदाचित् आपल्याकडील माती-पाण्यांतल्या क्षयाच्या सौम्य भाऊबंदांची आपल्या शरीराला आधींच ओळख झालेली असते, आणि म्हणून लसीला नवें कांहीं शिकवितां येत नाहीं; हा तर्क पुष्कळांना पटतो. ज्या सरकारनें वर्षानुवर्षें ही लस दिली होती, त्याच्याच शास्त्रज्ञांनीं हा अप्रिय निकाल जगापुढें मांडला, याचा आपल्याला अभिमान वाटावयास पाहिजे. आपण त्याची फारशी आठवणही ठेवलेली नाहीं.

मग आजही प्रसूतिगृहांत बाळाच्या डाव्या दंडावर बी.सी.जी. कां टोंचतात? तर चिंगलपुटनें जो प्रश्न विचारला तो थुंकींत जंतु सांपडणाऱ्या रोगाचा होता. तान्ह्यांच्या मेंदूच्या क्षयाचा नव्हताच. तो प्रश्न वेगळ्या रीतीनें, ठिकठिकाणच्या रुग्णालयांत आजारी व निरोगी मुलांच्या दंडावरचे व्रण मोजून, सोडवावा लागला. अशा अभ्यासांची बेरीज २००६ सालीं प्रसिद्ध झाली. मेंदूच्या व सर्वांगी क्षयापासून बी.सी.जी. सुमारें तीन-चतुर्थांश संरक्षण देते, आणि एकट्या २००२ सालीं जगांत टोंचलेल्या दहा कोटि बालकांमध्यें तिच्यामुळें मेंदूच्या क्षयाचे सुमारें ३०,००० व सर्वांगी क्षयाचे सुमारें ११,००० रुग्ण टळले असावेत, असा त्यांत हिशेब आहे. म्हणजे ही लस आजोबांना वांचवीत नाहीं, थोरल्या नातवाचीही खात्री देत नाहीं. पण आठ महिन्यांच्या धाकट्याला पुष्कळ अंशीं वांचविते. सैन्य नवखें असतांना तेवढी कवाईत पुरते.

औषधांची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १९४३-४४ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, १९५२ सालीं आयसोनियाझिड आलें, आणि तोंपर्यंत ज्याला मृत्यूचा परवानाच समजत त्या मेंदूच्या क्षयांतून मुलें उठूं लागलीं. १९५६ पासून मद्रासेंत जो प्रयोग झाला, त्यानें दाखविलें कीं औषध नियमित मिळालें तर घरीं राहूनही रोगी आरोग्यधामांतल्या इतकाच बरा होतो. पांचगणीच्या व मिरजेच्या हवेचें महत्त्व तेव्हांपासून ओसरलें. घरांत थुंकींत जंतु असलेला रोगी असेल, तर पांच वर्षांखालील निरोगी मुलालाही सहा महिने आयसोनियाझिड देण्याचा नियम आहे. तो किती घरीं पाळला जातो हें आपापल्या शेजारीं विचारून पहावें.

अन्नाविषयीं मात्र थोडें थांबावें लागेल, कारण चरकाचा 'विषम आहार' येथें परत येतो. वेढा घालून बसलेल्या सैन्याला रसद लागते. उपाशी मुलाच्या लिंफपेशी कमी होतात, इंटरफेरॉन-गॅमा मंदावतो. हें प्रयोगशाळेंत पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होतें. पण नुसतें धान्य देऊन क्षय टळतो काय, हें माणसांत कोणी नीट पाहिलेलें नव्हतें. २०१९ ते २०२२ या काळांत झारखंडांत तें पाहण्यांत आलें. क्षयरोग्यांच्या घरांतील लहानथोर सर्व माणसांना दरमहा धान्य-डाळीची शिधासामग्री देण्यांत आली. ज्या कुटुंबांत ती मिळाली त्यांत नव्या क्षयाचें प्रमाण शेंकडा ३९ नीं कमी झालें. २०२३ सालीं हा निकाल प्रसिद्ध झाला. तांदूळ, डाळ, वर जीवनसत्त्वाची गोळी. याहून साधी 'लस' कोणती असूं शकेल? आमच्या मेळघाटाकडे पाहिलें म्हणजे हा आंकडा डोळ्यांपुढून हलत नाहीं.

आतां सेवाग्रामकडे वळतों. गांधीजींच्या आश्रमाजवळ १९६९ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि मुलांच्या या आठवणीचा अगदीं अलीकडचा अध्याय तेथें लिहिला गेला. मँटूच्या परीक्षेंत एक जुनी खोट आहे. ट्युबरक्युलिन हा जंतूचा कच्चा अर्क. त्यांत जीं प्रथिनें आहेत त्यांतील बरींचशीं बी.सी.जी.तही आहेत. म्हणून लस टोंचलेल्या मुलाचा दंड उमटला, तर तो लसीमुळें कीं रोगामुळें, हें सांगणें कठीण. या शंकेला उत्तर मिळालें तें लीलच्या बटाट्यांमुळेंच. त्या तेरा वर्षांत बी.सी.जी.च्या जंतूनें आपल्या वंशद्रव्याचा एक तुकडा गमावला होता. त्या तुकड्यांतील दोन प्रथिनें खऱ्या क्षयाच्या जंतूंत आहेत, लसींत नाहींत. मुलाचें रक्त घ्यावें, त्यांत तीं प्रथिनें घालावीं, एक रात्र उबेंत ठेवावें, आणि लिंफपेशींनीं किती इंटरफेरॉन-गॅमा सोडला तें मोजावें. ज्यांना शत्रूची आठवण आहे, त्या पेशी कांचेच्या नळींतही हुकूम सोडतात.

ही परीक्षा सेवाग्रामच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या १०५ मुलांवर मँटूच्या जोडीनें करून पाहण्यांत आली, आणि २००७ सालीं तिचें फलित प्रसिद्ध झालें. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतलीं, क्षयाचा संशय असलेलीं हीं मुलें होतीं. अपेक्षा अशी होती कीं नवी परीक्षा जुनीला मागें टाकील. निघालें असें कीं बहुतेक सर्व मुलांत दोघींनीं एकच निर्णय दिला. जन्मतःच दिलेली बी.सी.जी. पुढें मँटूला फारसा गोंधळ घालीत नाहीं, असा त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट अशी कीं संशयित मुलांपैकीं थोड्यांचीच परीक्षा, कोणतीही घ्या, उमटली. आणि हें पालकांनीं नीट समजून घ्यावयास पाहिजे : परीक्षा उमटली नाहीं म्हणजे क्षय नाहीं असें ठरत नाहीं. अत्यंत कृश मुलाचें, गोवरांतून नुकतेंच उठलेल्या मुलाचें, किंवा क्षयानेंच पुरतें खचलेल्या मुलाचें शरीर उत्तर देण्याइतकें बळकट राहिलेलें नसतें. तें गप्प बसतें. त्या गप्प बसण्याला निरोगीपणा समजून मूल घरीं नेलें, तर काय होईल हें सांगावयास नको. लहान मूल थुंकी बाहेर न टाकतां गिळून टाकतें, म्हणून जंतु शोधावयाचा तर सकाळीं उपाशीपोटीं नळी घालून पोटांतील द्रव काढावा लागतो. तें काम कोणालाच नकोसें असतें.

दोन परीक्षांपैकीं खेड्याला कोणती परवडते? रक्ताची परीक्षा एका भेटींत आटोपते. पण रक्त काढल्यापासून कांहीं तासांच्या आंत तें उबवणीच्या यंत्रांत पडावें लागतें, आणि ती महाग आहे. मँटू स्वस्त आहे. मात्र टोंचल्यावर ४८ ते ७२ तासांनीं मुलाला पुन्हा दवाखान्यांत आणून दंड मोजावा लागतो. म्हणजे आईला मजुरीचे दोन दिवस बुडवावे लागतात, दोन वेळां एस.टी.चें भाडें काढावें लागतें. टोंचून गेलेलें मूल तिसऱ्या दिवशीं परत आलें नाहीं, तर त्याच्या दंडावर काय उमटलें होतें तें कोणालाच कळत नाहीं.